कानालाही डोळे असतात!

पडद्यावरचा चेहरा ओठांनी म्हणतोय ‘ग’. त्यावर आवाज चढवलाय ‘ब’चा. बघणाऱ्याला ऐकू येतं काय? चक्क ‘ड’! हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांनी हा तिसराच उच्चार सांगितला. डोळे मिटले की साफ ‘ब’, उघडले की पुन्हा ‘ड’. युक्ती ठाऊक असली तरीही बहुतेकांचा कान फसतोच. यूट्यूबवर ‘मॅकगर्क इफेक्ट’ शोधा आणि घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवा.

असं होतं, कारण ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. समोरचे ओठ उघडे दिसले की मेंदू म्हणतो, हा ‘ब’ असूच शकत नाही. मग डोळे आणि कान या दोघांनाही पटेल असा मधला उच्चार तो निवडतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो हा निवाडा.

रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांपुढे महाराष्ट्राच्या पिढ्यान् पिढ्या खळखळून हसल्या, त्यामागेही हाच मेंदू आहे. आवाज येतो पाध्यांच्या गळ्यातून, पण तोंड हलतं अर्धवटरावाचं. आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो, त्यामुळे बाहुलाच बोलतोय अशी आपली खात्री पटते. ओठ मिटायला लावणारी अक्षरं शब्दभ्रमकाराला सगळ्यात अवघड. ती तो जिभेनं काढलेल्या जवळच्या उच्चारांवर निभावून नेतो, आणि राहिलेलं काम प्रेक्षक आपणहून पूर्ण करतात. या कलेला शब्दभ्रम म्हणणाऱ्यानं अचूक नाव ठेवलं!

आता फोन. ‘एम मुंबईचा, एन नागपूरचा’ असं सांगण्याची पाळी सगळ्यांवर येते. ‘म’ आणि ‘न’ नुसत्या कानाला फार जवळचे वाटतात. समोरासमोर मिटलेले ओठ दिसतात आणि प्रश्न मिटतो. फोनवर ओठच नाहीत. त्यात साध्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जातो. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून ‘एस’चा ‘एफ’ होतो.

या तारेची खरी कमाल मात्र वेगळी आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झ असतो, म्हणजे तो त्या पट्ट्यात मुळीच मावत नाही. तरीही बाबांचा आवाज फोनवर बाबांचाच, तसाच भारदस्त ऐकू येतो. तारेतून आलेल्या वरच्या कंपनांमधली अंतरं हेरून मेंदू हरवलेला खालचा स्वर स्वतःच उभा करतो. या सगळ्या नवलांमध्ये मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच. फोनवरून न आलेला आवाज आपण इतकी वर्षं प्रेमानं ऐकत आलो आहोत!

गाळलेल्या जागा भरण्यात मेंदू असा पटाईत आहे. रिचर्ड वॉरन या अमेरिकी संशोधकानं १९७० मध्ये एका वाक्यातला ‘स’ कापून त्या जागी खोकला घातला. २० श्रोत्यांपैकी १९ जणांनी सांगितलं, काहीच गहाळ नाही. विसाव्यानं सांगितलं, पण भलताच आवाज गहाळ झाला म्हणून!

वेगाचंही ऐका. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ मध्ये दहा भाषांच्या संभाषणांचा अभ्यास झाला. त्यात जपानी सगळ्यात चटपटीत निघाले आणि डेन्मार्कचे लोक सगळ्यात सावकाश, पण फरक अर्ध्या सेकंदाच्या आतला. एखाद्या चित्राचं नाव उच्चारायला मात्र मेंदूला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपलं उत्तर आत तयार होऊ लागलेलं असतं.

आणि आपलं म्हणणं समोरच्याला कळलं, हा तर आपला लाडका भ्रम. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली काही जणांना प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं घुमत असतं, ऐकणाऱ्यापर्यंत पोचते नुसती टकटक. मोबाइलवरच्या संदेशांचं हेच होतं. लिहिताना आपल्या मनात आवाजाचा चढउतार असतो, वाचणाऱ्याला दिसतात फक्त अक्षरं. थट्टा रुसव्यावर जाते ती अशी.

शेवटी सगळ्यात तरबेज कानांची गोष्ट. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला ढळढळीत वाटतो, पण फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो सहसा ऐकूच येत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. वर्षाची होईतो ही ताकद जवळजवळ ओसरली, कारण रोज कानावर न पडणारे भेद मेंदू बाजूला सारतो. ही ताकद टिकवायला टीव्ही पुरत नाही. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी उच्चारांतले भेद बारा बैठकांत शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

तेव्हा न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला नातवंड झालं असेल, तर आजीआजोबांनी जमेल तितक्या लवकर तिकीट काढावं. बाळाला समोर घ्यावं, आपला चेहरा नीट दिसू द्यावा आणि पहिल्या वर्षात भरपूर मराठी बोलावं.