तंजावरच्या भिंतीवरची व्हायव्हा

“तू मराठी ना? मग वाच की!”

माझ्या रूममेटचं हे वाक्य म्हणजे माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड व्हायव्हा. स्थळ : बृहदीश्वर मंदिर, तंजावर. समोर दगडी भिंत आणि भिंतीवर ओळींमागून ओळी कोरलेलं मराठी. देवनागरीत!

पण थांबा, मी तिथे पोचले कशी ते आधी सांगते. माझी रूममेट तंजावरची. परीक्षा संपल्यावर “घरी चल” म्हणाली. “बघायला काय आहे?” असं मी विचारल्यावर नुसतीच हसली. माझं तंजावरचं ज्ञान मान हलवणाऱ्या बाहुलीपुरतंच होतं.

कावेरीच्या खोऱ्यात, भातशेतीच्या मधोमध वसलेलं हे शहर चोळ, नायक आणि मराठे अशा तीन घराण्यांची राजधानी होतं. तिरुच्चीपर्यंत रेल्वेने जायचं, तिथून बसने दीडेक तास.

सुरुवात अर्थातच मोठ्या देवळापासून. राजराज चोळ यांनी १०१० मध्ये ते पूर्ण केलं. गाभाऱ्यावरचं शिखर साठेक मीटर उंच, म्हणजे आपलं चार मजली हॉस्टेल चार वेळा एकावर एक ठेवा! सगळा ग्रॅनाइट. सिमेंट नाही, स्टील नाही. शिखर आतून पोकळ आहे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय आणि सगळं वजनावर पेललंय. ‘या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही’ असं नेटवर वाचलं होतं. साफ खोटं. संध्याकाळी त्याच सावलीत बसून आम्ही गप्पा मारल्या. एक सूचना : दुपारी जाऊ नका. देवळात अनवाणी चालावं लागतं आणि तापलेला ग्रॅनाइट काय चीज आहे ते पायांना कळतं.

आता ती भिंत. देवळाच्या आवारात नैऋत्य बाजूला १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. हे मी शाळेत एका ओळीत वाचलं असेन, नसेनही. भिंतीसमोर उभी राहून मी ‘राजे’ वाचलं, ‘भोसले’ वाचलं, आणि पुढे अडखळले. एक जोडाक्षर सुटलं की दुसरं अडायचं. मग मी नेहमीचं ठेवणीतलं कारण काढलं, “अगं, मी कॉन्व्हेंटची ना!”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला राजवाड्यात घेऊन गेली. माझ्या कारणाची वाट तिथेच लागली.

हा लेख कोरून घेणारे सरफोजीराजे (दुसरे) लहानपणी शिकले कोणाकडे? श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे! म्हणजे एका अर्थी तेही कॉन्व्हेंटचेच. उत्तम इंग्रजी यायचं. गुरूवर इतका जीव, की त्यांच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही आहे. राज्याचा कारभार १७९९ मध्ये कंपनी सरकारने काढून घेतला. राजांनी मग उरलेलं आयुष्य पुस्तकं जमवण्यात, वैद्यकात आणि शिक्षणात घातलं. देवनागरी छापखाना काढला. १८०६ च्या सुमारास तिथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, म्हणजे इसापनीतीचं मराठी. मी इसाप इंग्रजीतच वाचला. तो मराठीत, तोही तमिळ मुलखात, दोनशे वर्षांपूर्वीच छापलाय हे कोणी सांगितलंच नव्हतं. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर हजारो मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागदपत्रं तर वेगळीच. त्यांचं राज्य गेलं, पण भाषा त्यांनी टाकली नाही. आणि मी?

तंजावरच्या आसपासही दोन दिवस सहज जातील. सिव्हिलवाल्यांनी तर कल्लणै हा बंधारा चुकवूच नये. तो करिकाल चोळाने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बांधला असं मानतात. खाली खडक नाही, नुसती वाळू. मोठे दगड टाकायचे, ते वाळूत रुतून स्थिर झाले की त्यांवर पुढचे. वाळूत पाया कसा घालावा हे आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात या जुन्या कामावरूनच शिकून घेतलं. कुंभकोणमजवळचं दारासुरम आणि पुढे गंगैकोंडचोळपुरम ही चोळांची आणखी दोन देवळं. तंजावरच्या मोठ्या देवळासकट तिन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. सांबार म्हणाल तर रूममेटच्या आईच्या हातचं. संभाजी महाराजांच्या नावावरून ‘सांबार’ ही दंतकथा आहे, पुरावा नाही. पण मेसच्या पिवळ्या पाण्याला सांबार म्हणायचं नाही, हे मात्र सिद्ध झालं.

निघायच्या दिवशी पुन्हा भिंतीपाशी गेले. बोट हवेत फिरवत, एकेक अक्षर लावत, अर्ध्या तासात चार ओळी. सगळा अर्थ लागला नाही. रूममेट शेजारी शांत उभी होती.

माझे आजोबा मला रोज मराठीत लांबलचक मेसेज पाठवतात. मी न वाचता अंगठा पाठवायचे. त्या दिवशी त्यांना भिंतीचा फोटो पाठवला आणि खाली मराठीत पाच वाक्यं लिहिली. लगेच उत्तर आलं : “दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले. पण पुढे लिही.”

म्हणून हा लेख. चुका असतील, आजोबांना पाठवलाय!