परमुलखातला पाहुणचार

दारी आलेल्या वाटसरूला आधी पाणी, मग भाकर, आणि त्यानंतर "कोणतं गाव?" ही आपल्या खानदेशातली जुनी रीत. पण भाकर वाढल्याबद्दल घरधन्याला गोळी घालण्याचे फर्मान निघालेले असेल तर? इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी तसल्या दिवसांतही भाकर वाढली. ज्यांना वाढली त्यांत आपले हिंदी शिपाई होते.

जून १९४२ मध्ये आफ्रिकेतले तोब्रुक पडले. तिथे मराठा पलटणीची दुसरी बटालियन, जिला फौजेत 'काळी पाचवी' म्हणतात, शत्रूच्या हाती सापडली. त्या लढाईत धरलेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना समुद्रापार इटलीत नेऊन तारेच्या कुंपणात ठेवले. आवेझानो गावाजवळ त्यांची मोठी छावणी होती. रेडक्रॉसच्या पार्सलात त्यांना डाळ, तांदूळ, पीठ आणि मसाल्याची पूडही येई.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. तेव्हा तिथल्या छावण्यांत दोस्त राष्ट्रांचे सुमारे ८० हजार कैदी होते. पहारे ढिले पडताच हजारो जणांनी कुंपण ओलांडून डोंगर गाठला. मागोमाग जर्मनांनी भिंतींवर कागद डकवले. पळालेला कैदी धरून देईल त्याला १८०० लिरा बक्षीस, आसरा देईल त्याला मृत्युदंड.

आणि आसरा देणारे कोण, तर बहुतेक बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारे. अर्धे पीक मालकाच्या कोठारात जायचे. घरी जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. त्याला ते पोलेंता म्हणतात. तो मोठ्या पाटावर ओतायचा आणि भोवती बसून ज्याने त्याने आपल्या बाजूने खात यायचे. त्या पाटाभोवती आणखी दोन तोंडे बसली की पोरांच्या वाटणीचे कमी होणार, हे त्या घरच्या माउलीला सांगायला का लागते! तरी तिने बसवले. रात्री गोठ्यात नाहीतर गवताच्या गंजीत झोपवले, खाकी कपडे लपवून नवऱ्याचे जुने कपडे दिले. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण बैल, विळा आणि गवताचा भारा ओळखीचे होते. लपलेले शिपाई शेतकामाला हात लावीत. पुढे १९६६ साली भारताचे लष्करप्रमुख झालेले जनरल कुमारमंगलम् हेही इटलीतल्या कैदेतून असेच निसटले होते. मात्र ते पुन्हा पकडले गेले आणि जर्मनीत नेले गेले.

निघताना शिपायाजवळ द्यायला काय असणार? तो कागदाच्या चिठोऱ्यावर आपले नाव, नंबर आणि "या घराने मला जेवू घातले" एवढे लिहून देई. हे चिठोरे बायांनी जिवापाड लपवून ठेवले, कारण ते जर्मनांना सापडते तर घर गेलेच होते. युद्ध सरल्यावर मदत करणाऱ्यांना सेनापती अलेक्झांडर यांच्या सहीचे आभारपत्र मिळाले. खर्चाची भरपाईही देऊ केली होती, ती अनेकांनी घेतली नाही. आभारपत्र मात्र चौकटीत घालून भिंतीवर लावले, आणि काही घरांतून नातवंडांनी ते अजून जपले आहे.

इकडे त्याच काळात काय चालले होते, तेही आठवले पाहिजे. एप्रिल १९४४ मध्ये आपल्याच शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला. आणि तीनच महिन्यांनी, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे इंग्रजांच्याच वर्दीत पडला. सोबतचे सारे गडी पडले किंवा घायाळ झाले, तेव्हा त्याने एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले. वय अवघे बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोण खरा देशाचा, हा वाद या दोघांत लावू नये असे मला वाटते. एकाच मातीतली ही पोरे, काळाने दोन वाटांना लावलेली.

इटलीच्या मोर्चावर सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले, ५७८२ परतलेच नाहीत. घाडग्यांची आठवण म्हणून मोन्तोने या गावी २०२३ साली एक सूर्यघड्याळ उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत.

आता आपल्या घरचे बघा. आजोबा किंवा पणजोबा फौजेत असतील तर माळ्यावरची लोखंडी पेटी एकदा उघडा. पदक, पितळी डबी, परक्या लिपीतले पत्र, अनोळखी गोऱ्या कुटुंबाचा फोटो, असे काही निघाले तर भंगारवाल्याला देऊ नका. पदकाच्या कडेवर बहुधा नाव आणि नंबर कोरलेला असतो. तो उतरवून घेऊन धुळ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. युद्धात पडलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदीत फुकट पाहता येतात. शोधताना एवढे ध्यानात ठेवा, की तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव पश्चिम खानदेश होते, आणि साहेबाच्या कारकुनाने गावाचे नाव कसेही लिहिलेले असू शकते.