पाय नको, रेषा सांगा

भातकापणी उरकली की महाड-पोलादपूरच्या गावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. संध्याकाळच्या सरावात कडेने आवाज येत राहतात : ‘गुडघा वाकव! कंबर खाली! अरे, मागचा पाय उचल!’ सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, सूचनाही बरोबर असते. तरी चढाईला गेलेला पोरगा नेमका तेव्हाच अवघडतो.

असं का होतं, याचा शोध गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने घेतला. १९९८च्या प्रयोगात स्कीइंगच्या सरावयंत्रावर नवशिके उभे केले. काहींना सांगितलं, बाहेरच्या बाजूच्या पायाने जोर द्या. काहींना सांगितलं, त्या पायाखालच्या चाकांवर जोर द्या. पाऊल आणि चाक यांत अंतर ते किती! पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. वुल्फ यांच्या मते, अवयवावर मुद्दाम नजर ठेवली की एरवी आपोआप जमणारा ताळमेळ बिघडतो. २०१०मध्ये जागेवरून लांब उडीच्या प्रयोगातही ‘गुडघे झटकन सरळ करा’ ऐकणाऱ्यांपेक्षा ‘रेषेपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा’ ऐकणारे सुमारे १० सेंटीमीटर पुढे पडले.

आता कबड्डीतला बोनस गुण घ्या. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्याच वेळी दुसरा हवेत हवा. ‘मागचा पाय उचल’ म्हटलं की पोराचं सगळं ध्यान मागे जातं आणि कोपऱ्यातला पकडपटू कधी सरकला ते त्याला कळतच नाही. त्यापेक्षा ‘रेषेपलीकडची माती अंगठ्याने उकर’ म्हणावं. अंग पुढे झुकलं की मागचा पाय सुटतोच. घोटापकडीतही ‘बोटं आवळ’ऐवजी ‘त्याची टाच तुझ्या पोटाशी ओढ’. प्रयोगांवरून कबड्डीबद्दल काढलेला हा माझा अदमास आहे, पण आजमावायला पैसा लागत नाही.

यावर वादही आहे. अनुकूल निकालच जास्त छापले गेले, तो झुकाव वजा केला तर फायदा फारच थोडा उरतो, असं अलीकडच्या एका मोठ्या फेरतपासणीने मांडलं आहे. शिवाय उडीनंतर गुडघा आत वळत असेल, तर तो दाखवून द्यायलाच हवा. मात्र सावकाश सरावात, ऐन चढाईत नव्हे.

सूचना लागू पडली का, हे त्याच संध्याकाळी कळत नाही. दोन दिवसांनी त्याच पोराला चढाईला पाठवा आणि कडेने कुणी काही बोलू नका.