पैसे दिलेत ना, मग प्लेट आपण का उचलायची?

उल्हासनगरचं गोल मैदान, रविवारची संध्याकाळ. दाल पकवान खाऊन झालंय, हातात कागदी प्लेट आहे आणि तळाशी थोडी चटणी. गाडीच्या बाजूला ड्रम आहे, पण तो वरपर्यंत भरलाय आणि त्याच्याभोवती तितक्याच प्लेट पडल्यात. खाणारा दोन सेकंद इकडेतिकडे बघतो आणि प्लेट ढिगाच्या टोकावर ठेवतो. 'ठेवतो'च म्हणायचं, कारण आपण ती फेकली असं त्याला वाटतच नाही. वाऱ्याने ती खाली पडते तेव्हा तो रिक्षात बसलेला असतो.

आता ही प्लेट कोणाची? खाणाऱ्याची, गाडीवाल्याची की महापालिकेची? सोशल मीडियावर हा वाद अधूनमधून पेटतो. हॉटेलात, थिएटरमध्ये, फूड कोर्टमध्ये गिऱ्हाइकाने स्वतःचा पसारा स्वतः आवरावा का? एक गट म्हणतो, आवरावा, त्यात काय हात झिजतात? दुसरा म्हणतो, पैसे मोजलेत, सफाईला माणूस ठेवलाय, त्याचं काम आपण केलं तर उद्या मालक त्यालाच काढून टाकेल. दोघंही आपापल्या जागी ठाम असतात. अडचण एवढीच, की दोघांच्या डोळ्यांसमोरची जागा वेगळी असते.

अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात तुम्ही मिसळ खाता तेव्हा टेबल पुसणाऱ्याचा पगार त्या मिसळीच्या भावातच धरलेला असतो. तिथे ताट उचलून मोरीपर्यंत नेलं तर वेटरच गोंधळेल. वर बिलात वेगळा सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं तुमच्या मर्जीवर आहे. हा चार्ज आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. थोडक्यात, सफाई पदार्थाच्या किमतीत आलेलीच आहे. पण त्या किमतीत ताटात हात धुणं, पाण्याच्या ग्लासात टिश्यू कोंबणं आणि बडीशेप टेबलभर सांडणं बसत नाही. तिथे गिऱ्हाइकाने आवरायचं म्हणजे फार काही नाही, उगाच वाढवून ठेवायचं नाही.

सेल्फ सर्व्हिसचा हिशेब वेगळा. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्ली आणि मुंबईत आलं, पाठोपाठ मॉल आणि फूड कोर्ट आले, आणि 'ट्रे स्वतः घ्या' हे आपण लगेच शिकलो. 'ट्रे स्वतः ठेवा' हा त्याच धड्याचा दुसरा अर्धा भाग मात्र राहून गेला. याचं एक कारण जुनं आहे. आपल्या हॉटेलांत टेबलावर फडका मारायला 'बारक्या' असायचा. ढाबे, हॉटेलं आणि घरकामात लहान मुलांना ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून देशात बंदी आली. बारक्या कायद्याने गेला, पण आपण उठलो की मागे कोणीतरी फडका मारणारच, ही सवय गेली नाही.

'उष्टं' या शब्दात काय दडलंय?

जपानचे फुटबॉलप्रेमी सामना संपल्यावर स्टेडियम आवरतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. १९९८ च्या फ्रान्समधल्या वर्ल्ड कपपासून ते हे करतात. २०२२ मध्ये कतारमध्ये तर त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचा संघ खेळत नसतानाही उद्घाटनाच्या सामन्यानंतर खुर्च्यांखालचा कचरा गोळा केला. त्याखाली मराठीतल्या कमेंट ठरलेल्या असतात : "आपल्याकडे कधी होणार?" जपानी शाळांमध्ये मुलं रोज वर्ग स्वतः झाडतात, हे त्यामागचं कारण बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्याकडे हे का जमत नाही, त्याचं कारण मात्र कमेंटमध्ये सहसा कोणी लिहीत नाही.

आपल्याकडे दुसऱ्याचं उष्टं-खरकटं कोणी काढायचं हे जन्मावरून ठरत आलं. कचरा उचलणं हे काम कमी आणि दर्जा जास्त, असं समीकरण बनलं. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. कुटुंबाला आधार म्हणून ही तरतूद महत्त्वाची आहे, पण झाडू एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा जातो हेही त्यातून दिसतं. त्यामुळे 'ते त्यांचं काम आहे' या वाक्यातला 'त्यांचं' हा शब्द वाटतो तितका साधा नाही.

आणि हे तोडायचे प्रयत्न इथेच झालेत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. त्यांच्या नावाने राज्य सरकारने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. उल्हासनगरातच दुसरं उदाहरण आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर वसवलं, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. इथल्या दरबारांमध्ये आणि गुरुद्वारांमध्ये लंगर चालतो. तिथे जेवून उठलेला माणूस आपली थाळी स्वतः उचलून नेतो, आणि ती घासायला सेवेला बसलेला एखादा बाहेर मोठा व्यापारी असतो. कोणी दंड लावत नाही, कोणी पाटी लावत नाही. तोच माणूस तासाभराने बाजारात कुल्फीची काडी गटारात टाकतो. म्हणजे आवरता येत नाही हे खोटं आहे. कुठली जागा आपली मानायची, इथे घोडं अडतं.

नियम काय सांगतो?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याची पहिली जबाबदारी तो करणाऱ्यावरच टाकली. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात किंवा पाण्यात कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही. पण त्याच नियमांनी फेरीवाल्यालाही मोकळं सोडलं नाही. त्याने उरलेलं अन्न, प्लेट, कप यांसाठी स्वतःचा डबा ठेवायचा आणि तो पालिकेने ठरवलेल्या ठिकाणी किंवा गाडीत रिकामा करायचा. गोल मैदानातल्या त्या प्लेटचं उत्तर इथे मिळतं : ती ड्रममध्ये टाकणं खाणाऱ्याचं काम, ड्रम ठेवणं आणि रिकामा करणं गाडीवाल्याचं, आणि तो रिकामा करायला जागा देणं पालिकेचं.

दंडही आहे. राज्य सरकारने रस्त्यावर घाण करण्यासाठी अ आणि ब वर्ग महापालिकांत १८० रुपये, तर क आणि ड वर्गात १५० रुपये ठरवले. उल्हासनगर ड वर्गात येतं. थर्माकोलच्या प्लेट आणि प्लास्टिकचे चमचे तर राज्यात मार्च २०१८ पासूनच बंद आहेत, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. गाड्यांवर फिरून बघितलं तर या बंदीची तब्येत फारशी बरी दिसत नाही, तो भाग वेगळा.

खरी गोम वेळेत आहे. शहरं 'कचराकुंडीमुक्त' करायची म्हणून चौकाचौकातल्या मोठ्या कुंड्या गेल्या आणि घंटागाडी आली. घरांसाठी हे बरं झालं. पण घंटागाडी यायची सकाळी, आणि खाऊगल्लीच्या गाड्या लागायच्या संध्याकाळी. रात्री अकराला गाडीवाला ड्रम घेऊन जाणार कुठे? मग तो ड्रम कोपऱ्यावर किंवा नाल्याच्या कडेला मोकळा होतो. दिवसभर शिस्तीत ड्रममध्ये टाकलेल्या सगळ्या प्लेटसुद्धा त्याच नाल्यात जातात. गिऱ्हाइकाला उपदेश करण्याआधी पालिकेने रात्रीची एक फेरी सुरू केली तर जास्त फरक पडेल.

सिंगापूरने हाच क्रम पाळला. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे त्यांच्या खाऊगल्ल्यांमध्ये, आधी ट्रे ठेवायचे रॅक बसवले, काही वर्षं नुसतं आवाहन केलं आणि मग १ सप्टेंबर २०२१ पासून ट्रे परत ठेवणं बंधनकारक केलं. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० सिंगापूर डॉलर दंड. 'सफाईवाल्यांच्या नोकऱ्या जातील' हा मुद्दा तिथेही आला होता. त्यावर उत्तर असं होतं, की ट्रे गिऱ्हाइकाने ठेवले तरी टेबल पुसणं, भांडी वेगळी करणं ही कामं राहतातच. आपल्याकडे तर हा मुद्दा आणखी लंगडा आहे, कारण गोल मैदानात प्लेट उचलायला गाडीवाल्याने वेगळा माणूस ठेवलेलाच नसतो.

जिथे कोणीच मालक नाही

हॉटेलात, गाडीवर निदान कोणीतरी जबाबदार माणूस सापडतो. बदलापूरजवळचं कोंडेश्वर घ्या. शंकराचं देऊळ, धबधबा, कुंड, आणि पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडून येणारी गर्दी. बुडून होणारे मृत्यू आणि गर्दीचा धिंगाणा यामुळे जिल्हा प्रशासनाला पावसाळ्यात इथे मनाईचे आदेश काढावे लागतात. जाणारी माणसं मागे काय ठेवून जातात हे जाणाऱ्यांनाच माहीत असतं : चिप्सची पाकिटं, चिकनची हाडं, बिअरच्या बाटल्या. फुटलेली काच पाण्याखाली दिसत नाही. ती नंतर एखाद्या पोराच्या किंवा गुरं घेऊन आलेल्या गावकऱ्याच्या पायात जाते. इथे बिलात धरलेली सफाई नाही, फडका मारणारा नाही, घंटागाडी नाही. भरलेली बाटली डोंगरावर चढवता येते, तर रिकामी खाली आणायला जड कशी होते, हे कोडंच आहे.

बारवी धरणाच्या बाजूला हेच जरा जास्त गंभीर आहे. एमआयडीसीच्या या धरणाचं पाणी उल्हास नदीत सोडलं जातं, पुढे जांभूळला उचलून शुद्ध केलं जातं आणि उल्हासनगरला पाठवलं जातं. उल्हासनगरकडे स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. बदलापूरच्या बॅरेजवरून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण अंबरनाथ-बदलापूरला पाणी देतं, तेही उल्हासचंच. म्हणजे नदीकाठी पार्टी करून पसारा टाकून आलेला माणूस सोमवारी सकाळी नळ उघडतो, तेव्हा पाणी त्याच नदीचं असतं.

तरीही सगळं खापर सहलीवाल्यांवर आणि प्लेटवर फोडणं अन्यायाचं होईल. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी नदी आज नाला दिसते ती मुख्यतः कारखान्यांच्या रसायनांमुळे आणि प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यामुळे. २०१४ मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनातून वायू पसरून उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना त्रास झाला होता. टँकर रिकामा करणारा सुटतो आणि पाणीपुरीवाल्याची पावती फाटते, असं दिसलं की १५० रुपयांचा दंडही लोकांना छळ वाटतो.

लोकल ट्रेन हा असाच मधला प्रकार. बदलापूर लोकलच्या सीटखाली शेंगांची टरफलं सरकवणारा माणूस घरी चप्पल दाराबाहेर काढतो. रेल्वेच्या २०१२ च्या नियमांनुसार स्टेशनात किंवा गाडीत घाण केली तर ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण संध्याकाळच्या डब्यात जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे पावती फाडणारा शिरणार कसा? टरफलं कागदाच्या पुडीत परत टाकणं एवढाच उपाय तिथे चालतो, आणि पुडी तर हातातच असते.

मग जत्रेचं काय? अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात पूर्ण झालं. ते वालधुनीच्या काठावरच आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी लोटते, साबुदाण्याची खिचडी आणि सरबत फुकट वाटलं जातं. द्रोण आणि ग्लास हातात पडतात, पुढे रांग ढकलत असते, डबा दिसत नाही. इथे भाविकाला दोष देण्याआधी वाटणाऱ्यांकडे बघायला हवं. परवाना नसलेल्या जागी १०० पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घेणाऱ्याने किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि तिथला कचरा वेगळा करून द्यायचा, असं २०१६ च्या नियमांतच आलंय. किती मंडळांनी असं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी किती कचरा उचलला, हे नगरपालिकेकडून माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.