विश्लेषण : पंधरा वर्षांची मुदत संपूनही इंग्रजी का टिकली?

तालुक्याच्या न्यायालयात जमिनीचा दावा मराठीत चालतो. सातबारा मराठीत, साक्षही मराठीत. तोच दावा दुसऱ्या अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेला, की कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि निकालही इंग्रजीत येतो. ज्याची जमीन, त्यालाच निकाल वकिलाकडून समजून घ्यावा लागतो. असे का?

इंग्रजी येणारे किती?
२०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजारच होते. दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती येणाऱ्यांना धरले, तर आकडा १२ कोटी ९० लाखांच्या आसपास जातो. हिंदीखालोखाल हाच क्रमांक. मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत इंग्रजी नाही.

मुदत कशी वाढली?
अनुच्छेद ३४३नुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली. इंग्रजी २६ जानेवारी १९६५पर्यंतच चालणार होती. १९६३च्या राजभाषा कायद्याने पुढेही ती वापरण्याची मुभा दिली. तरीही १९६५मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. त्यानंतर १९६७मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदीला राजभाषा न मानणाऱ्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, तरच इंग्रजी हटवण्याचा विचार होऊ शकतो. म्हणजे एका राज्याचा नकारही पुरेसा आहे.

न्यायालयांचे काय?
संसद वेगळा कायदा करत नाही तोवर सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी, असे अनुच्छेद ३४८ सांगतो. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची भाषा वापरण्यास परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहारमध्ये हिंदीला ती मिळाली. तमिळनाडूने तमिळसाठी, गुजरातने गुजरातीसाठी केलेली मागणी मात्र मान्य झाली नाही.

पक्षकाराला दिलासा किती?
सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठीसह प्रादेशिक भाषांत भाषांतरे आता उपलब्ध होतात. पण ती समजण्यापुरती. कायद्याने ग्राह्य धरला जातो तो इंग्रजी मजकूरच. एका राज्यावर दुसऱ्याची भाषा लादली जाऊ नये, म्हणून इंग्रजी राहिली. त्याची किंमत मात्र इंग्रजी न येणारा पक्षकार मोजतो आहे.