गिरगावातले खेडे आणि जपानातले खेडे

लग्नकार्याला, दवाखान्याला नाहीतर मंत्रालयातल्या कामाला तुमचे मुंबईला जाणे होतच असते. त्यातून दोन तास मोकळे मिळाले तर चर्नी रोड स्टेशनला उतरा आणि गिरगावातली खोताची वाडी विचारा. बाहेर मोटारींचा कलकलाट, पण गल्लीत थोडे आत गेलात की एखाद्या खेड्यात शिरल्यासारखे वाटेल. कौलारू, लाकडी, एका माडीची घरे. पुढे व्हरांडा, माडीवर जायला बाहेरूनच जिना. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून वाडीला नाव पडले. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी इथे घरे बांधली. आजही ती राहती आहेत, तेव्हा दारातून डोकावू नका. फोटो काढायचा तर विचारून काढा.

पूर्वी इथे पासष्टएक घरे होती असे सांगतात. आता त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. कारण तुम्हाला सांगायला नको. वाशांना वाळवी लागते, सागाचा भाव परवडत नाही, कौले चाळणारा माणूस मिळत नाही, आणि एका घराला वाटेकरी सात. त्यात बिल्डरचा निरोप आला की किती दिवस नाही म्हणणार?

जपानात शिराकावा नावाच्या डोंगराळ मुलखात ओगिमाची हे गाव आहे. त्याच्यावरही हीच पाळी आली होती. तिथली छपरे गवताने शाकारलेली, आणि बर्फ साचू नये म्हणून इतकी उभी, की नमस्काराला जोडलेले हातच वाटावेत. छपराच्या सांगाड्याला खिळा नाही, सगळे दोरांनी आवळलेले. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. तुती लावणाऱ्या वाचकांना यात आपलेपणा वाटेल. पुढे त्या मुलखात धरण झाले, माणसे शहराकडे गेली, जुनी घरे भराभर कमी झाली. तेव्हा १९७१ साली गावकऱ्यांनीच ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. भाड्याची अट मला जरा कडक वाटते. पण गावाचा ठराव आधी झाला आणि सरकारचे संरक्षण त्यामागून, १९७६ मध्ये आले, हे ध्यानात घ्या. जागतिक वारशाच्या यादीत नाव लागले ते तर १९९५ साली.

छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. एकट्या घरधन्याच्या आवाक्यातले ते काम नव्हेच. शे-दोनशे माणसे छपरावर चढतात आणि एक बाजू दिवस-दोन दिवसांत उरकतात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. याला ते 'युई' म्हणतात. आपली इर्जिकच ती! गवताला आगीचे भय मोठे, म्हणून वर्षातून एकदा गावभर पाण्याचे फवारे उडवून तालीमही घेतात.

खोताच्या वाडीत असा सगळ्यांचा मिळून ठराव नाही. जो तो आपापले कौल सांभाळतो. तरी काही कुटुंबे घर धरून आहेत. नाताळच्या आठवड्यात संध्याकाळी गेलात, तर त्यांच्या व्हरांड्यात कागदी चांदण्या लागलेल्या दिसतील.