मागचा टायर आधी का झिजतो?

नांदेड-हिंगोली मार्गावर आखाडा बाळापूर हे गाव लागते. तेथे रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिलात, तर एस.टी. बस, मालमोटार, हळदीची पोती वाहणारा ट्रॅक्टर आणि शाळेला निघालेल्या मुलांच्या सायकली तुमच्यासमोरून जातील. वरवर पाहता या वाहनांत काहीच साम्य नाही. पण एक गोष्ट बहुतेकांत सारखी असते. वाहन पुढे नेणारा जोर मागच्या चाकांना मिळतो. मालमोटारीत तो एंजिनापासून एका लांब फिरत्या दांड्याने मागच्या आसापर्यंत पोचतो, सायकलीत साखळीने. पुढची चाके दिशा देतात.

आता आपल्या सायकलीचे टायर नीट पाहा. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले असतील, तर बहुधा मागच्या टायरवरची नक्षी अधिक झिजलेली दिसेल. असे का? स्वाराचे बरेचसे वजन मागच्या चाकावर पडते, हे एक कारण झाले. दुसरे कारण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

खोडरबराच्या बाजूवर पेनाने काही उभ्या रेघा ओढा. ते खरखरीत फरशीवर दाबून धरा व वरून हळूच पुढे ढकला. खोडरबर जागचे हलणार नाही, पण रेघा तिरप्या होतील. आता जोर वाढवा. खोडरबर एकदम घसरेल आणि फरशीवर त्याचा बारीक भुगा पडेल.

टायरचेही असेच होते. जोर मिळालेले चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता घर्षणाच्या साहाय्याने चाकाला पुढे ढकलतो. या ओढाताणीत रस्त्याला टेकलेले रबर तुमच्या खोडरबरासारखे तिरपे होते. चाक फिरून तो भाग रस्ता सोडू लागला, की त्याच्यावरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि ताणलेले रबर किंचित घसरून मूळ आकारात येते. हे घसरणे डोळ्यांना दिसत नाही. पण प्रत्येक फेऱ्यात थोडे रबर खरवडले जाते. चढ असो, ओझे असो की गाडी झटक्याने सुरू करणे असो, जोर जितका अधिक तितकी झीज अधिक.

मग पुढचे टायर झिजत नाहीत का? झिजतात, पण वेगळ्या कारणांनी. वळताना त्यांच्या कडा घासतात. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून गाडी थांबवण्याचे बरेच काम त्यांच्यावर पडते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मोटारीत तर एंजिनाचा जोरही पुढच्या चाकांना दिलेला होता. अशा मोटारींत सहसा पुढचेच टायर आधी झिजतात. म्हणूनच मोटारींचे पुढचे-मागचे टायर ठराविक काळाने आपसांत बदलतात. त्यामुळे सर्व टायर सारखे झिजतात.

नक्षी ही शोभेसाठी नसते. पावसात टायरखालचे पाणी तिच्या खाचांतून बाहेर निघून जाते. टायर गुळगुळीत झाला, की पाणी मध्येच राहते आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरते. म्हणून मोटार, बस व मालमोटार यांच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असा आपल्याकडे नियम आहे.

आज एक काम करा. काडेपेटीची काडी सायकलीच्या दोन्ही टायरांच्या खाचांत उभी धरून खोली मोजा व वहीत लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. कोणता टायर किती झिजला, हे तुमची वहीच सांगेल. आणि पावसाळ्यापूर्वी तो बदलायचा की नाही, हेही.